आप्पांचा हात

आप्पा, तुमचं काय झालं होतं ते मला आता कळलंय. इतकी वर्षं आपण सगळे म्हणत आलो, फळीवरून पडले आणि गेले. आई तेच सांगते, दादा तेच सांगतो, मीही लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा सासरी हेच सांगितलं. गणपती तोंडावर आलेले, पेणचा कारखाना मूर्तींनी असा भरलेला की पाय ठेवायला जागा नाही, आणि दोन पिंपांवर टाकलेल्या फळीवर उभे राहून तुम्ही मंडळाच्या मोठ्या मूर्तीचे डोळे आखताय. मी खाली काळ्या रंगाची वाटी धरून उभी आहे. लोक म्हणाले, पाय घसरला. पाय नाही घसरला आप्पा, मी बघत होते. आधी ब्रश थांबला. डाव्या डोळ्याची वरची रेघ अर्ध्यात थांबली, मग तुमची नजर कुठेच नाही अशी झाली, आणि मग भरलेलं गोणतं कलंडावं तसे तुम्ही बाजूला कलंडलात. हात टेकायचा प्रयत्नसुद्धा केला नाहीत. तुम्ही पडून मेला नाहीत, वरच मेलात आणि मग पडलात. मी तेव्हा चौदा वर्षांची पोर, मला कोण विचारतंय? सगळे धावले, पाणी मारलं, आईनं छाती पिटून घेतली, आणि कुणीतरी म्हणालं, 'फळीला ओल होती गो.' झालं. तेव्हापासून सगळ्यांसाठी फळीलाच ओल होती.

खरं काय झालं होतं ते मला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरणीनं सांगितलं. मी काही तुमची चौकशी करायला गेले नव्हते. माझ्या लेकाला घेऊन गेले होते. तुम्ही त्याला पाहिला नाहीत. आता चोवीस वर्षांचा बाप्या झालाय, आयटीआय केलंय, इथल्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली वेल्डर आहे. पाइपांचे जोड असे घालतो म्हणतात की वरून बोट फिरवलं तर अडकत नाही. कायम करणार होते त्याला. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खात होता. कुणा मित्रानं खांब गावाजवळ नवी गाडी कशी आपटली ते हातवारे करून सांगत होता. आणि मध्येच थांबला. भाकरीचा तुकडा हातात, तोंड थोडं उघडं, आणि नजर कुठेच नाही. मी म्हटलं, 'काय रे?' उत्तर नाही. तवा जळत होता तरी मी हलले नाही. मग त्याच्या तोंडावर रंग परत आला आणि तो पुढचा शब्द बोलला, जिथे थांबला होता तिथूनच. 'तर हेडलाइट गेली ना,' म्हणाला. त्याला पत्ताच नव्हता मधे काय झालं त्याचा. मला होता. मी ती नजर आधी पाहिलेली होती. मी तिथे ओट्याला धरून उभी राहिले.

मग धावपळ. रोह्याच्या डॉक्टरनी छातीचा आलेख काढला, आणि बघून पनवेलला जा म्हणाले. पनवेलवाल्यांनी मुंबईला पाठवलं. लेक सगळीकडे कुरकुरत आला, 'आई, अ‍ॅसिडिटी हाय गो, उगाच नाटक करतेस.' मुंबईला ती डॉक्टरीण भेटली, वयानं लहान, केस बांधलेले, घाईत असल्यासारखी. तिनं छातीला काही लावायच्या आधी त्याला हात पुढे सरळ करायला सांगितले. त्यानं केले. म्हणजे जेवढे होतात तेवढे. ती म्हणाली, पूर्ण सरळ करा. तो म्हणाला, एवढेच होतात. तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि आप्पा, मी काय म्हणाले असेन? मी हसून, अगदी मिरवत म्हणाले, 'तो आमच्या घरातला हात आहे मॅडम. आजोबांचा हात आलाय त्याला. ते गणपतीचे डोळे आखायचे.' तिनं पेन खाली ठेवलं. 'आजोबा कशानं गेले?' विचारलं. मी म्हणाले, पडून. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्याच तोंडून निघालं, 'आधी थांबले. मग पडले.' पहिल्यांदाच बोलले मी ते. लेकानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे वळवली असती, पण त्याची मानही तुमच्यासारखीच, त्यामुळे अख्खा वळला.

तुमचे कोपर कधी सरळ झालेले मी पाहिले नाहीत. अंगात सदरा घालताना आई बाही धरायची. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर तुम्ही दादाला हाक मारायचात. तुमच्या टाचा जमिनीला टेकत नसत, सगळे कारागीर खाली उकिडवे बसून घासकाम करत आणि तुम्हाला मात्र स्टूल लागायचं. मान ताठ. पेणच्या बाजारात लोक म्हणायचे, कारागीर असावा तर असा, कुणापुढे मान वाकवत नाय. आणि ते वाकलेले कोपर! त्यांचं केवढं कौतुक. देवाचे डोळे आखून आखून हात तसाच राहिला, असं कारखान्यात जो तो सांगायचा. आखणीला हात दगडासारखा स्थिर लागतो, कोपर अंगाशी धरून नुसतं मनगट फिरवायचं असतं, आणि तुमचा कोपर तर आपोआप धरलेलाच असायचा. शिकायला येणाऱ्यांचे हात पंच्यानं कोपरात बांधून ठेवायची पद्धत तुमच्यामुळेच पडली आपल्याकडे. आठवतंय? पोरं बांधलेल्या हातानं दिवसभर पत्र्यावर डोळे काढत बसायची आणि जेवायच्या वेळी तुम्ही पंचा सोडायचात. दादाचा हात तुम्ही दोन पावसाळे बांधलात. सोडला की सरळ. तुम्ही कपाळाला हात लावून म्हणालात, 'ह्याच्या हातात काय नाय. ह्याला साचेच भरू दे.' दादा रडला होता त्या दिवशी, माजघराच्या दाराआड. आज वाटतं, तिथे जाऊन त्याला सांगावं, रडतोस कसला मेल्या, नशीबवान आहेस. बापाकडून मुलाला हा रोग जात नाही म्हणे. कधीच जात नाही. मुलीला मात्र येतोच, आणि तिच्यात दडून राहतो.

डॉक्टरणीनं ते सगळं मला समजावलं, दोन-तीनदा समजावलं, कारण पहिल्या वेळी मला काही ऐकूच आलं नाही. शरीर पेशींचं बनलेलं, पेशीच्या आत केंद्रक, एवढं शाळेत शिकले होते. त्या केंद्रकाला म्हणे दुपदरी पापुद्रा असतो, आणि आतल्या पदरात आतल्या बाजूनं कसली कसली प्रथिनं बसवलेली असतात. त्यातलं एक आपल्या घराण्यात बनतच नाही. एमरिन त्याचं नाव. एखाद्या गोऱ्या पोरीचं नाव वाटतं ना? मी तिला विचारलं, म्हणजे काथ्या का हो? तिला कळेना. मी सांगितलं, आम्ही साच्यात प्लास्टर ओतलं की मूर्ती आतून पोकळ राहते, मग प्लास्टरमध्ये भिजवलेला नारळाचा काथ्या आतून चिकटवतो. बाहेरून कुणाला दिसत नाही. पण तो नसला तर मूर्ती रंगवली जाते, विकली जाते, गाडीत चढते, आणि उचलताना कुठेतरी कोपरात नाहीतर मानेत तडकते. तिला ते आवडलं. म्हणाली, निम्मं बरोबर आहे. ती प्रथिनं केंद्रकाला आतून धरतातच, पण तेवढंच त्यांचं काम नाही. केंद्रकात आपल्या सगळ्या गुणांचे लांबच लांब धागे असतात. कुठला धागा भिंतीला चिकटून मिटून राहायचा आणि कुठला मधे मोकळा राहून वाचला जायचा, ही मांडणीसुद्धा ह्या भिंतीवरच्या प्रथिनांमुळे लागते. ती नसली की घर विसकटतं. मिटायचे ते धागे उघडे पडतात, उघडायचे ते कोपऱ्यात जातात. मी विचारलं, मग सगळं अंगच का नाही विसकटत, कोपर आणि टाचा आणि हृदयच का? ती म्हणाली, जिथे सतत ओढ बसते तिथे जास्त दिसतं असं वाटतं, पण खरं सांगायचं तर ह्याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. खरं बोलली म्हणून मला ती आवडली, आणि खरं बोलली म्हणूनच मी बाहेर येऊन बाकावर बसून ढसाढसा रडले.

कारण हात आधी आखडतात, आप्पा, आणि हृदय मागाहून थांबतं. त्या रोगाची चालच तशी. हात ही पुढची वर्दी असते. आणि ती वर्दी आली तेव्हा आपण काय केलं? लेक आठ वर्षांचा होता. मी त्याला गणपतीच्या आधी पेणला नेलं होतं, कारखान्यात मदतीला मी दरवर्षी जातेच. आईनं त्याला वरच्या खुंटीवरचं तोरण काढायला सांगितलं. त्यानं हात वर केला, तो कोपरात वाकलेलाच राहिला. आईनं त्याचा हात धरून बघितला, दुसरा बघितला, आणि टाळीच वाजवली. 'अगो बाय माझे! ह्यांचा हात आला! बघ गो, ह्यांचा हात आला पोराला!' दादा साच्यावरून प्लास्टरच्या हातानं उठून आला. त्यानंही पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आपल्याला नाही मिळालं ते भाच्याला मिळालं म्हणून. कारखान्यात पेढे वाटले. तुमच्या तसबिरीला हार घातला, पोराच्या हातात ब्रश दिला आणि तसबिरीपुढे उभा केला. आणि मी? मला काय आनंद झाला होता काय सांगू! वाटलं, आप्पा परत आले. जळ्ळं मेलं ते आपलं शहाणपण. पोराच्या मरणाची चिठ्ठी आली आणि आम्ही तिला हळदकुंकू लावलं.

पोरानं ब्रश काही धरला नाही. त्याला चित्रात रस नव्हता. पण मोठा झाल्यावर वेल्डिंगला हात बसला तेव्हा पुन्हा सगळे म्हणायला लागले, आजोबांचाच हात. त्यालाही ते पटलेलं. शाळेत पोरं चिडवायची तेव्हा मीच त्याला शिकवलं होतं सांगायला, माझा कारागिराचा हात आहे. वरचे दंड बारीक होत गेले, जिना चढताना कठड्याला धरायला लागला, तेही आम्ही शिफ्टच्या थकव्यावर ढकललं. डॉक्टरीण म्हणाली, हे हळूहळू वाढणार, त्यावर औषध नाही, पण त्यानं माणूस लगेच जात नाही. जातो तो हृदयाचा ठोका थांबून. ठोका द्यायची तार आतून तुटत चाललीय, ती कधीही पूर्ण तुटेल. छातीत मशीन बसवायचं, ते ठोके राखतं आणि थांबलं तर धक्का देऊन चालू करतं. ते बसवलं तर हा जगेल. लवकर बसवा. माझा जीव भांड्यात पडायचा होता तेवढ्यात लेकानं विचारलं, 'वेल्डिंग करता येईल ना?' ती म्हणाली, नाही. त्या विजेनं मशीन गोंधळतं, ते काम सोडावं लागेल. बस्स. तो उठला. 'चल आई,' म्हणाला, आणि टाचा न टेकता तुमच्यासारखा तरातरा चालत बाहेर गेला.

परत येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसला. पेण स्टेशन आलं तेव्हा मी म्हटलं, उतरू, आजीला भेटू. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी आल्यावर मात्र बोलला. 'मला मशीन नको.' मी म्हटलं, असं कसं नको? तर म्हणतो, 'मला दुसरं काय येतं? गेटवर बसून पावत्या फाडू? आख्ख्या प्लांटमध्ये उंचावरचा जोड असला की मलाच बोलवतात. तो पण गेला तर माझ्याकडे राहिलं काय, हे वाकडे हात?' त्याच्या बाबांनी समजावलं, मी समजावलं, हातापाया पडले. माझ्या पोटच्या पोराच्या पायावर डोकं ठेवलं मी. तर उचलून मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, 'आजोबा फळीवर गेले ना? आवडीचं काम करता करता गेले. मी पण जाईन. रडू नको.' आणि मग बोट दाखवून, 'कंपनीत कुणाजवळ बोललीस तर याद राख. तोंड बघणार नाय तुझं.'

तेव्हा मला तुमचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा. तुमच्याविषयी वाईट बोलायचं नाही अशी आपल्या घरात रीतच पडली होती, देवाचा माणूस वगैरे. पण मी आता बोलणार. तुम्ही जायच्या आदल्या वर्षीही तसेच थांबला होतात. मी वाटी धरून खाली, तुम्ही फळीवर, ब्रश थांबलेला. मी हाक मारली, मग तुम्ही परत आलात आणि रेघ पुढे नेलीत. मी धावत जाऊन आईला सांगितलं. आईनं कारखानदाराला सांगितलं, तेव्हा कारखाना आपला नव्हता, दादानं तो पुढे घेतला, आणि त्या कारखानदारानं तुम्हाला त्या वर्षी मोठ्या मूर्तींवर चढू दिलं नाही. तुम्ही मला मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. जेवताना सगळ्यांसमोर शांतपणे म्हणालात, 'घरातली चुगली बाहेर नेणारी पोर माझी नाय.' आणि पंधरा दिवस माझ्याकडे पाठ. मी जेवले नाही तरी विचारलं नाहीत. मग एका दुपारी मला हाक मारलीत, 'इकडं ये गो, वाटी घेऊन. अशी हलवतेस काय, हात हाय का भोवरा?' आणि एका लहान मूर्तीच्या पायाशी बोट दाखवून म्हणालात, 'ह्या उंदराचे डोळे तू आख.' माझे पहिले डोळे ते. मी श्वास धरून दोन ठिपके ठेवले आणि तुम्ही म्हणालात, 'बघतोय हां तो.' केवढा हरखला होता माझा जीव. आज सांगते, त्या उंदरानं तुम्ही मला विकत घेतलंत. पुढच्या वर्षी तुम्ही फळीवर दोनदा थांबलात, मी पाहिलं, आणि कुणालाही सांगितलं नाही. तुमची पोर राहायचं होतं मला. पोरीच्या तोंडाला कुलूप घालून तुम्ही त्या फळीवर चढलात, आणि मी आज पन्नाशीची बाई तुमच्यावर भांडी आपटत बसलेय.

तरी एक विचारू? रागानं नाही विचारत. तुम्हाला कळत होतं का? मधले ते क्षण कोरे जातात हे तुम्हाला जाणवत होतं, की माझ्या लेकासारखं तुम्हालाही जिथे थांबलात तिथून पुढे सगळं अखंडच वाटायचं? मला वाटतं तुम्हाला कळत होतं. नाहीतर इतके चिडला नसतात. म्हणजे तुम्ही निवडलंत. तुमचा मुलगा साचे भरत होता, मुलगी वाटी धरून होती, बायको पोहे कांडायच्या गिरणीत कामाला लागली होती, आणि तुम्ही डोळे निवडलेत. मला आता त्याचंही फार वाटत नाही. तुमचं आयुष्य होतं. पण हा चोवीस वर्षांचा पोर तुमची गोष्ट ऐकत मोठा झालाय आणि तुमच्यासारखं जायला निघालाय. आणि ती गोष्ट त्याला मीच सांगितली होती, झोपवताना.

मी सगळं करून पाहिलं. दादाला फोनवर सगळं सांगून त्याच्याकडूनही समजावलं. डॉक्टरणीला फोन लावून दिला, त्यानं तिलाही दोन शब्दांत कटवलं. उपास केले. वडखळला एका बाईच्या अंगात येतं म्हणतात, तिच्याकडेही जाऊन आले. हो, मी, केंद्रकाच्या आतल्या पापुद्र्यातलं प्रथिन कळलेली मी, लिंबू घेऊन रांगेत बसले. बुडत्याला काडी. त्या बाईनंही सांगितलं, डॉक्टरचं ऐक. रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा आणि मी त्याच्या मागे दारात उभी राहायचे. दिवसभर फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. भात लावताना, केर काढताना माझ्या डोळ्यांपुढे तो उंचावर, तोंडावर काळी काच, हातात ठिणग्या, आणि ठिणगी थांबते. जोड अर्ध्यात. एकदा तो झोपलेला असताना मी त्याच्या छातीवर कान ठेवला. ठोका आणि मग इतकी शांतता की मी माझे ओठ चावले, आणि मग ठोका. वाटलं हा साचा दोन हातांनी उघडावा, आतून काथ्या बसवावा आणि परत मिटावा. दुसऱ्या कुणाच्याही मूर्तीला मी हे करू शकते आप्पा. माझ्या स्वतःच्या लेकाला कुठून उघडू? शेवटी माझ्याच पोटातून गेलंय त्याला ते. तुम्ही मला दिलंत, मी त्याला दिलं, आणि मधे माझ्या हाताला काही झालं नाही; माझे कोपर बघा, सरळ, अगदी सरळ.

परवा त्यांच्या कंपनीत मोठं काम निघालं. टाकीच्या वरच्या पाइपाला, चार माणसं उंच. जेवताना खुशीत होता. 'उद्या मलाच चढायचंय,' म्हणाला, 'साहेब म्हणाले, हे झालं की कायमचं बघू.' मी वाढत राहिले. काल सकाळी तो गेला, त्याचे बाबा रिक्षा घेऊन गेले, आणि मी त्याच्या ओळखपत्राच्या मागे पाहून ठेवलेला कंपनीचा नंबर लावला. सेफ्टीच्या साहेबांना द्या म्हटलं. त्यांना सगळं सांगितलं. नाव, गाव, हृदय, मशीन, सगळं. म्हटलं, मी आई बोलतेय, त्याला चढवू नका, आणि मी फोन केला हे त्याला सांगू नका. साहेबांनी त्याचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, 'ताई, हे कळल्यावर मला त्याला आत ठेवता यायचं नाही. खालच्या कामावरही नाही.' मी म्हटलं, ठेवू नका.

दुपार व्हायच्या आत तो घरी. हेल्मेट हातात, पास काढून घेतलेला. दार लोटलं आणि तिथेच उभा राहिला, टाचा अधांतरी. 'कोणी सांगितलं?' मला वाटलं माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. 'डॉक्टर सांगणार नाय. बाबा सांगणार नाय. मामा,' म्हणाला. 'मामाच. त्याची त्या ठेकेदाराशी ओळख हाय. जळतो तो. त्याला आजोबांचा हात नाय मिळाला ना, म्हणून पयल्यापासून जळतो.' मी तोंड उघडेपर्यंत त्यानं पेणला फोन लावला होता. काय काय बोलला दादाला! ऐकवत नव्हतं. साठीच्या माणसाला, स्वतः साचे भरून भरून ह्याच्या शिक्षणाला हात देणाऱ्या मामाला. मी ओट्याशी उभी. आता सांगावं, आता सांगावं, असं होत होतं. फोन मोठ्यानं लावलेला. पलीकडे दादानं सगळं ऐकून घेतलं. मग त्याचा आवाज आला, घसा खाकरून, 'आई हाय का तुझी तिथं?' लेक म्हणाला, 'हाय, तिचं काय?' दादाला माझा स्वभाव ठाऊक आहे, आप्पा. पंधरा दिवस तुम्ही पाठ फिरवली होतीत तेव्हा लपवून भात आणून देणारा तोच होता. म्हणाला, 'व्हय रे. मीच सांगितलं. काय करशील?'

लेकानं फोन आपटला. भिंतीला पाठ लावून बसला, रडला, लहानपणीही असा रडला नव्हता. मी जवळ गेले तर माझ्या कुशीत आला. वाकड्या हातांनी जमेल तसं मला धरलं आणि म्हणाला, 'मामाचं नाव पुन्हा काढायचं नाय ह्या घरात. त्याच्या कारखान्यात तू पण जायचं नाय.' आणि मग, बऱ्याच वेळानं, 'आता काय राहिलंय? कुठं बसवायचं ते बसव मशीन.' मी लगेच डॉक्टरणीला फोन केला. तिनं परवाचीच वेळ दिली. आत्ता तो आतल्या खोलीत झोपलाय, मी दर थोड्या वेळानं जाऊन छाती हलताना बघून येते आणि इथे स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिते. हा कागद ठेवता येणार नाही, त्याच्या हाती लागेल. भात शिजला की गॅसवर धरणार आहे.

मी दादाला फोन केला नाही अजून. काय बोलू त्याच्याशी? आणि लेकाला मी खरं सांगणार नाही. मशीन बसल्यावर सांगेन असं सकाळी मनाला म्हणत होते, पण नाही सांगणार, मला माहीत आहे. तो माझ्या कुशीत होता ना, आप्पा, आणि मला ते सोडवेना. मामावरचा राग धरून जगू दे त्याला. म्हातारा होईपर्यंत धरू दे.